क्लोरीन डायऑक्साइड : साठवून ठेवता न येणारा वायू



मिरकरवाडा बंदराजवळ राहणाऱ्या मुलांना ब्लिचिंग पावडरचा वास चांगला ओळखीचा. 'पाण्याची स्वच्छता' शिकवताना एका मुलीने विचारलं, "बाई, मोबाइलवर क्लोरीन डायऑक्साइडचे थेंब पाण्यातून प्यायला सांगतात. ती ब्लिचिंग पावडरच का?"

नाही. दोन्हींत क्लोरीन आहे, पण पदार्थ वेगळे.

रचना : एक क्लोरीन आणि दोन ऑक्सिजन अणू. इलेक्ट्रॉन मोजा : 17 + 8 + 8 = 33. वर्गात 33 मुलांच्या जोड्या लावल्या तर एक मूल एकटं उरतं ना? तसाच इथे एक इलेक्ट्रॉन जोडीविना उरतो. म्हणून हा रेणू दुसऱ्याकडून इलेक्ट्रॉन चटकन ओढून घेतो. जंतू मरतात ते यामुळेच.

गुणधर्म : पिवळसर हिरवा, उग्र वासाचा वायू. उत्कलनबिंदू 11 अंश सेल्सिअस. आपल्याकडे सहसा एवढी थंडी पडतच नाही, म्हणजे इथे तो वायूच! पाण्यात चांगला विरघळतो. उजेडाने व उष्णतेने त्याचं विघटन होतं. हवेत त्याचं प्रमाण साधारण 10 टक्क्यांच्या वर गेलं तर स्फोट होऊ शकतो.

कसा तयार करतात? : क्लोरीनसारखा दाबाखाली सिलिंडरमध्ये भरून तो पाठवता येत नाही. म्हणून जलशुद्धीकरण केंद्रात किंवा कागद कारखान्यात, लागेल तिथेच व लागेल तेवढाच बनवतात. सोडिअम क्लोराइटवर क्लोरीन किंवा आम्लाची क्रिया घडवतात. हे काम बंद यंत्रात, प्रशिक्षित माणसंच करतात. वर्गात किंवा घरी हा प्रयोग अजिबात करायचा नाही.

मग ते थेंब? : पाणी शुद्ध करताना याची मात्रा अतिशय कमी आणि मोजलेली असते. 'औषध' म्हणून विकलं जाणारं द्रावण तसं नसतं. त्याने उलट्या, जुलाब होतात, शरीरातलं पाणी धोकादायक पातळीपर्यंत कमी होऊ शकतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2019 मध्ये ते पिऊ नका असा इशारा दिला होता. त्याने कोणताही आजार बरा होत नाही.

पालकांनो, आणखी एक. ब्लिचिंग पावडर आणि संडास साफ करायचं ॲसिड कधीच एकत्र करू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. चुकून झालंच, तर मुलांना घेऊन आधी मोकळ्या हवेत या आणि श्वासाला त्रास होत असेल तर लगेच दवाखाना गाठा.

मुलांना एवढं जरी कळलं, तरी धडा पोहोचला म्हणायचं.