समुद्र पचवणारी होडी पावसाला का भिते?

लाकडी होडी वर्षाचे आठ-नऊ महिने खाऱ्या पाण्यात उभी असते. लाटा खाते, मासळी वाहते आणि तिच्या तळाला अरबी समुद्र रात्रंदिवस भिडलेला असतो. मग जून तोंडावर आला की हीच होडी माणसं वाळूवर ओढून घेतात आणि पाऊस लागू नये म्हणून तिला नखशिखांत झाकून टाकतात. एवढा समुद्र जिने पचवला, तिला आभाळातून पडणाऱ्या पाण्याचं कसलं भय?

गणपतीपुळ्याच्या आसपास हे दृश्य दरवर्षी दिसतं. देवळासमोरच्या किनाऱ्यावरची जलक्रीडा मे महिन्याच्या अखेरीस थांबते. 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. त्यामुळे उत्तरेला जयगड आणि दक्षिणेला रत्नागिरीच्या वाटेवरचं काळबादेवी, साखरतर, पुढे मिरकरवाडा अशा सगळ्या ठिकाणी नौका शाकारायची घाई उडते. घर शाकारतात तशी इथे होडीही शाकारतात. कुणी नारळीचे झाप घालतं, कुणी निळी ताडपत्री, कुणी दोन्ही. यातलं जास्त टिकाऊ काय, हे ठरवायचं तर आधी शत्रू नेमका कोण ते कळायला हवं.

लाकूड कुजवते ती बुरशी. तिला लाकूड, हवा आणि ओल या तिन्ही गोष्टी एकाच जागी लागतात. लाकडातली ओल साधारण 20 टक्क्यांच्या खाली राहिली तर ती जीव धरत नाही. लाकूड पूर्ण बुडून राहिलं तर तिला प्राणवायू मिळत नाही. म्हणजे ठणठणीत कोरडी फळी सुरक्षित आणि पाण्यात बुडालेली फळीही बरीचशी सुरक्षित. धोका असतो तो मधल्या अवस्थेत, जेव्हा फळी ओलीही असते आणि उघडीही. त्यातून समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात आणि लाकूड कुजवणाऱ्या बहुतेक बुरशींना ते सोसत नाहीत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरचे जहाजबांधे सांगाड्याच्या फासळ्यांमधल्या पोकळीत मुद्दाम मीठ भरत, ते याचसाठी. पावसाचं पाणी मात्र जवळजवळ शुद्ध असतं. ते फळीतलं मीठ धुऊन नेतं, सांध्यात साचतं आणि बुरशीला हवी तशी जागा तयार करून देतं. समुद्रात लाकूड पोखरणारा जहाजकिडा वेगळा. होडी पाण्याबाहेर काढून वाळवली की तो मरतो. पण एका शत्रूपासून सुटलेली होडी दुसऱ्याच्या तावडीत सापडते.

या दुसऱ्या शत्रूला पाऊस किती पाणी पुरवतो, याचा हिशेब करून पाहू. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा चार महिन्यांत. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. लहानशा होडीचं उघडं तोंड दहा चौरस मीटर धरलं, तरी पावसाळाभरात तिच्यात तीस हजार लिटर पाणी पडेल. दहा हजार लिटरचे तीन टँकर एका होडीत! वापरात असलेल्या होडीतलं पाणी माणूस उपसत राहतो. किनाऱ्यावर एकट्या पडलेल्या होडीतलं पाणी कोण उपसणार?

आता झापाकडे पाहू. नारळीची झावळ पाण्यात भिजत घालतात, म्हणजे पाती लवचीक होतात. मधला दांडा उभा चिरून झावळीचे दोन भाग करतात आणि एकेका भागाची पाती एकाआड एक खालीवर घालत तिरपी विणतात. तयार झालेला झाप हातात घेऊन उजेडाकडे धरला तर त्यातून आरपार दिसतं. एवढ्या भोकांचं आच्छादन पाऊस कसा अडवतं? खरं तर ते पाऊस अडवतच नाही, त्याला वाट दाखवतं. पात्यावर मेणाचा सूक्ष्म थर असतो, त्यामुळे थेंब मुरत नाही, घरंगळतो. विणीतलं प्रत्येक पातं उताराच्या दिशेने झुकलेलं असतं, म्हणून थेंब भोकातून खाली पडण्याआधी पात्याच्या अंगाने पुढच्या पात्यावर जातो. झाप खालून वर रचत न्यायचे आणि वरच्याची कड खालच्यावर चढवायची, म्हणजे कौलांसारखी उतरंड तयार होते. एखादा थेंब पहिल्या झापातून निसटला, तरी त्याखालचा दुसरा त्याला झेलतो. अट एकच, उतार भरपूर हवा. म्हणून होडीच्या मध्यावर बांबूचा आडा उभारतात आणि दोन्ही बाजूंना झाप सोडतात.

पाणी वाहून जातं, पण वारा आरपार खेळतो. झापाचं खरं मोल इथे आहे. जुलैत कोकणातल्या हवेतली आर्द्रता नव्वदीच्या घरात असते. 30 अंश तापमानाची पूर्ण दमट हवा घनमीटरमागे सुमारे 30 ग्रॅम बाष्प धरते. तीच हवा 24 अंशांवर आली की जेमतेम 22 ग्रॅम धरू शकते. उरलेले आठ ग्रॅम पाणी होऊन जवळच्या गार पृष्ठभागावर बसतात. होडीभोवती ताडपत्री घट्ट आवळून बांधली तर दिवसा ओल्या फळ्यांतून वाफ निघते आणि रात्री ताडपत्रीच्या आतल्या अंगाला थेंब धरतात. सकाळपर्यंत ते पुन्हा फळ्यांवर ठिबकतात. बाहेर एक सरही पडलेली नसते आणि आत होडी भिजलेली असते! बुरशीला हवी असलेली मधली अवस्था आपणच तिला बांधून देतो.

मग ताडपत्री वाईटच का? तसं म्हणता येणार नाही. झाप एक-दोन पावसाळे टिकतो, ओला झाला की जड होतो, त्यात उंदीर घर करतात. शिवाय झाप विणणारे हातही आता फारसे मिळत नाहीत. ताडपत्री हलकी, घडी होणारी आणि बाजारात सहज मिळणारी. बहुतेक ताडपत्र्या पॉलिथिनच्या चपट्या धाग्यांनी विणलेल्या असतात आणि त्यांच्या दोन्ही अंगांना प्लॅस्टिकचा पातळ थर चढवलेला असतो. पाणी त्यांचं काही बिघडवत नाही. त्यांना मारतं ते ऊन.

सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांत रेणूंचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा असते. प्लॅस्टिकमधल्या बारीकसारीक अशुद्धी ही ऊर्जा शोषतात आणि त्यातून मुक्त मूलक जन्माला येतात. मुक्त मूलक म्हणजे जोडीदार गमावलेले, दिसेल त्या रेणूवर झडप घालणारे तुकडे. एकाने साखळी तोडली की दुसरा तयार होतो, दुसऱ्यापासून तिसरा. लांब साखळ्यांचे तुकडे पडत जातात आणि मऊ ताडपत्री कडक होऊन बोटाच्या दाबाने फुटू लागते. यावर दोन उपाय आहेत. पहिला काजळीचा. दोन-अडीच टक्के बारीक काजळी मिसळली की किरण तीच पिऊन टाकते. पाण्याचे जाड नळ काळे असतात ते यामुळेच. दुसरा उपाय जास्त अद्भुत आहे. हिंडर्ड अमाइन नावाची रसायनं प्लॅस्टिकमध्ये अगदी थोड्या प्रमाणात घालतात. ती मुक्त मूलकाला धरून निष्प्रभ करतात आणि त्या झटापटीत स्वतः संपत नाहीत. पुढच्या क्रियेत ती पुन्हा कामाच्या रूपात येतात आणि नव्या मूलकाला पकडायला सज्ज होतात. एकच रेणू हे काम पुन्हा पुन्हा करतो. डोळ्यांना न दिसणारा हा पहारेकरी आत आहे की नाही, यावर ताडपत्री एक हंगाम टिकेल की चार, हे ठरतं.

उरला वारा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. ताशी 50 किलोमीटरचा वारा समोरच्या पृष्ठभागावर चौरस मीटरमागे ढोबळमानाने 12 किलो वजनाइतका रेटा देतो आणि 100 किलोमीटरचा वारा 47 किलोंच्या आसपास. जून 2020 मधलं निसर्ग आणि मे 2021 मधलं तौक्ते, ही दोन्ही चक्रीवादळं या किनाऱ्याने पाहिली. झापाच्या भोकांतून बराचसा वारा निघून जातो, ताडपत्री मात्र शिडासारखी फुगते. ती सहसा मधे फाटत नाही, दोरी ओवायच्या कडीपाशी फाटते, कारण सगळा ताण तिथे एकवटतो. सैल बांधलेली ताडपत्री रात्रभर फडफडून होडीच्या कडेवर घासते आणि तिथेच झिजते.

जगातली सगळ्यात टिकाऊ झाकलेली नौका कदाचित इजिप्तमध्ये सापडली. खुफूच्या पिरॅमिडशेजारी खडकात खोदलेल्या खड्ड्यात सुमारे 43 मीटर लांबीची देवदाराची नौका सुटी करून ठेवली होती. वर चुनखडीच्या 41 अजस्र शिळा आणि सगळ्या फटी गिलाव्याने बंद. 1954 मध्ये खड्डा सापडला तेव्हा साडेचार हजार वर्षांचं ते लाकूड शाबूत होतं. वाळवंटात हवाबंद झाकण चाललं, कारण आत कोंडलेली हवाच कोरडी होती. जयगडला तसं झाकण घातलं तर पहिल्याच श्रावणात बुरशी लागेल. आच्छादन किती भक्कम आहे यापेक्षा ते कुठल्या हवेत वापरायचं आहे, हे आधी पाहावं लागतं.

आता फायबरच्या नौका वाढल्या आहेत. त्यांना बुरशीचं भय कमी, पण उन्हाने वरचा चकचकीत थर पांढुरका पडतो. आतल्या लाकडी पट्ट्यांत पाणी शिरलं तर त्या कुजतात. इंजिन आणि वायरिंगला ओल सोसत नाही. म्हणून त्यांनाही झाकावंच लागतं.

तेव्हा ताडपत्री घेताना रंगावर जाऊ नका. वजन विचारा. चौरस मीटरमागे शंभर ग्रॅमची ताडपत्री स्वस्त पडते, पण अडीचशेच्या आसपासची वारा सोसते. अतिनील किरणांपासून संरक्षण आहे का ते विचारा आणि भारतीय मानक ब्युरोचा आयएस 7903 हा क्रमांक छापलेला आहे का ते पाहा. मध्ये उंच आडा उभारा, म्हणजे पाणी साचणार नाही, कारण चौरस मीटरभर जागेत दहा सेंटिमीटर पाणी साचलं तरी शंभर किलोंचं ओझं होतं. जिथे काठ घासतो तिथे जुन्या टायरचा तुकडा किंवा गोणपाट घाला. होडीच्या तळाचं बूच काढून ठेवा. आणि ताडपत्री कितीही महाग असली तरी नाळेकडचं आणि मागचं अशी दोन्ही टोकं उघडी ठेवा. पैसे जाडीसाठी मोजा, पण होडी वाचते ती खेळत्या हवेने.