जुन्या कारखान्यांच्या जमिनीवर उद्योगांचे मजले

गिरणी, गॅसचा कारखाना, गोदी किंवा रेल्वेचे यार्ड बंद पडल्यावर शहरात जी जमीन ओस पडते, तिला नगररचनेच्या परिभाषेत ‘ब्राउनफील्ड’ म्हणतात. पूर्वी वापरात असलेली ही जमीन पुष्कळदा शिसे, आर्सेनिक किंवा खनिज तेल यांनी दूषित झालेली असते. तिच्यावर घरे व कार्यालये बांधण्यात मालकाला अधिक नफा मिळत असल्याने उद्योग शहराबाहेर ढकलले जातात. मग शहराला लागणारा पाव, छपाई, फर्निचर आणि दुरुस्तीची सेवा रोज लांबून वाहनाने आणावी लागते, आणि कामगारांचेही कित्येक तास प्रवासात खर्च होतात.

लंडनने हा अनुभव मोठ्या प्रमाणावर घेतला. २००१ ते २०१५ या काळात तेथील १,३०० हेक्टरांहून अधिक औद्योगिक जमीन अन्य वापरांकडे गेली आणि हे प्रमाण नियोजनात धरलेल्या मर्यादेच्या कितीतरी पुढे होते. त्यामुळे २०२१च्या ‘लंडन प्लॅन’ या विकास आराखड्याने उरलेल्या औद्योगिक जमिनीचा अधिक दाट वापर करण्यावर, म्हणजेच एकावर एक मजले चढवून तेवढ्याच जागेत अधिक उद्योग सामावण्यावर भर दिला. पूर्व लंडनमधील बार्किंग येथे २०२३ साली पूर्ण झालेली ‘इंडस्ट्रिया’ ही इमारत याच विचारातून उभी राहिली. तेथील कौन्सिलच्या ‘बी फर्स्ट’ या विकास कंपनीने ती उभारली असून तिच्यात लहान-मोठे ४५ गाळे आहेत, आणि मालाची वाहने वळणदार रॅम्पने वरच्या गाळ्यांपर्यंत जाऊ शकतात.

या रॅम्पला मोठे महत्त्व आहे. माल केवळ लिफ्टने चढवायचा झाला, तर प्रत्येक खेप खाली उतरवून पुन्हा वर न्यावी लागते. त्यात वेळ आणि मजुरी वाया जाते आणि वरचे मजले उद्योजकांना नकोसे होतात. उलट रॅम्प बरीच जागा अडवतो व त्याला काँक्रीट पुष्कळ लागते. काँक्रीटमधील सिमेंट तयार करतानाच भरपूर कार्बन उत्सर्जन होत असल्यामुळे केवळ छतावर सौरपट्ट्या बसवून इमारत पर्यावरणपूरक ठरत नाही. ती दीर्घकाळ टिकली आणि भाडेकरू बदलले तरी गाळ्यांची रचना बदलता आली, तरच बांधकामाचा हा भार सार्थकी लागतो. तळमजल्यावर जड यंत्रे आणि वर हलकी कामे ही विभागणीही याच हिशेबातून येते, कारण मजल्याची भारवहनक्षमता वाढवावी तसे पोलाद आणि काँक्रीटही वाढते.

अशी इमारत बांधण्याआधी ब्राउनफील्ड जमीन शुद्ध करावी लागते. दूषित माती उपसून नेणे, तिच्यावर स्वच्छ मातीचा थर देणे किंवा सूक्ष्मजीवांकरवी तेलाचे विघटन घडवणे हे त्याचे प्रचलित मार्ग होत. बहुमजली इमारतीसाठी पायाचे खोल खांब (पाइल) घ्यावे लागत असल्याने त्यांच्या कडेने विषारी द्रव्ये भूजलात उतरणार नाहीत, याचीही खबरदारी घ्यावी लागते.

मुंबईला बहुमजली गाळे नवीन नाहीत. शहर व उपनगरांतील औद्योगिक वसाहतींत कित्येक दशके वरच्या मजल्यांवर छपाई, शिवणकाम आणि सुटे भाग घडवण्याचे काम चालत आले आहे. मात्र १९८२च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्यांच्या जमिनी खुल्या होऊ लागल्या, तेव्हा १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत मोकळी जागा, ‘म्हाडा’ या सरकारी गृहनिर्माण संस्थेची घरे आणि मालक यांच्यातील वाटपाचा विचार झाला, पण उद्योगाला स्वतंत्र वाटा मिळाला नाही. २००१च्या बदलाने तर हे वाटप गिरण्यांमधील मोकळ्या जमिनीपुरतेच उरले. पुढे तेथे मॉल आणि टॉवर उभे राहिले, परंतु हाताने काम करणाऱ्यांना शहराच्या मध्यभागी रोजगार देणारी जागा हातची गेली. घरांची गरज खरीच आहे; तरीही त्या घरांत राहणाऱ्यांच्या रोजगारासाठी नियोजनाने जागा राखून ठेवलीच पाहिजे, कारण एकदा निवासी झालेली जमीन पुन्हा उद्योगाकडे सहसा येत नाही.