पोटावरच्या पिशवीचा मार्ग तुंबला तर?



आतड्याचा कर्करोग झाला किंवा अपघातात आतडे फाटले, तर कधीकधी मोठे आतडे पोटावर छिद्र करून बाहेर काढावे लागते. शौच पिशवीत जमते. यालाच कोलोस्टॉमी म्हणतात. यात लपवण्यासारखे काही नाही. मात्र हा मार्ग तुंबला तर जिवावर बेतू शकते, म्हणून घरच्यांनाही खुणा ठाऊक हव्यात.

बद्धकोष्ठ आणि तुंबणे एक नव्हे. बद्धकोष्ठात शौच घट्ट व कमी होते, पण वायू सरतो. अशा वेळी भरपूर पाणी, शिजवलेली भाजी आणि चालणे यांनी बहुधा भागते. मार्ग तुंबला की शौच आणि वायू दोन्ही बंद होतात, कळा येतात, पोट फुगते, मळमळते, आतड्याचे तोंड सुजते.

असे का होते? आतडे पोटाच्या स्नायूंतून बाहेर येते ती जागा अरुंद असते. मोरीत पाचट अडकावे तसा न चावलेला चोथा तेथे अडकतो. लहान आतड्याची पिशवी असेल तर हा धोका अधिक. म्हणून ऊस खाताना रस गिळावा, चोथा थुंकावा. मक्याचे कणीस, ओले खोबरे, शेवग्याची शेंग बेतानेच आणि नीट चावून खावी. जुन्या ऑपरेशनचे व्रण आत चिकटल्यानेही किंवा पिशवीजवळ हर्निया झाल्यानेही मार्ग अडतो.

कळा सौम्य असून उलटी नसेल तर :

१) जेवण थांबवावे, पाणी घोट घोट घ्यावे.
२) तोंड सुजले असेल तर मोठ्या भोकाची पिशवी लावावी.
३) कोमट पाण्याने अंघोळ करावी, थोडे चालावे, गुडघे पोटाशी घेऊन पडावे, छिद्राभोवती हलका हात फिरवावा.

एरंडेल किंवा जुलाबाची गोळी मुळीच देऊ नये. छिद्रात बोट, नळी घालू नये.

कळा येत असून ४ ते ६ तासांत काहीच बाहेर पडले नाही, तर डॉक्टर गाठावा. उलटी होत असेल, कळा असह्य असतील, ताप असेल किंवा आतड्याचे लाल तोंड काळे-जांभळे पडले, तर तासही मोजू नयेत. तोंडाने काही न देता १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. अशा रोग्याला शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय लागते. पुण्याचे ससून त्यांपैकी एक. ताम्हिणीकडच्या गावांना रस्ता लांबचा, तेव्हा 'सकाळी पाहू' असे म्हणू नये. ऑपरेशनचे कागद आणि जादा पिशव्या सोबत घ्याव्यात.