रात्री सोय, सकाळी खोळंबा

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीतला एक अभियंता डेटाबेसच्या दोन सर्व्हरमधला बिघाड निस्तरत होता. पुसायची होती ती दुय्यम सर्व्हरवरची डिरेक्टरी. आज्ञा दिली गेली मुख्य सर्व्हरवर. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात आली, पण तोवर सुमारे ३०० जीबीपैकी जेमतेम ४.५ जीबी शिल्लक होते. मग बॅकअपची शोधाशोध सुरू झाली. रोजचा डेटाबेस-डंप तयारच होत नव्हता. डंप घेणारं साधन जुन्या आवृत्तीचं, डेटाबेस नव्या आवृत्तीचा. काम फसल्याचे ईमेल निघत होते, पण मेल-सर्व्हर ते नाकारत होता. डिस्कचे स्नॅपशॉट डेटाबेसच्या सर्व्हरसाठी चालूच केलेले नव्हते. शेवटी कामी आला तो सहा तासांपूर्वी वेगळ्याच कारणासाठी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट.

ही गोष्ट सिसॅडमिनांच्या गप्पांत इथेच संपते. तिचा उरलेला भाग मात्र क्वचित सांगितला जातो. प्रत हाती लागल्यावरही ती मूळ जागी पोचायला सुमारे अठरा तास लागले. ती होती चाचणीच्या मशीनवर, आणि त्या मशीनला स्वस्तातली, संथ डिस्क लावलेली होती. चाचणीला कशाला हवी महाग डिस्क, हा हिशेब तसा चुकीचा नव्हता. फक्त त्यात परतीचा दिवस धरलेला नव्हता.

व्हर्च्युअल मशीनचा बॅकअप कोणत्या पद्धतीने घ्यायचा, याच्या बैठकीत बहुधा एकच प्रश्न ऐकू येतो: रात्रीचा जॉब किती वाजता संपतो? सकाळी लोक लॉगइन करायच्या आत संपला की सगळे खूश. पण बॅकअपचा भार नाहीसा करण्याची पद्धत अजून कोणाला सापडलेली नाही. चालत्या मशीनवर, बॅकअपच्या डिस्कवर किंवा डेटा परत आणायच्या दिवसावर, असा तो इकडून तिकडे हलवता येतो, एवढंच. आपण तो कुठे टाकतो आहोत हे ठरवणं म्हणजेच पद्धत निवडणं, आणि बऱ्याच ठिकाणी हा निर्णय सॉफ्टवेअर बसवताना ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ करतच होऊन जातो.

एका यंत्रात अनेक यंत्रं चालवण्याची कल्पना आयबीएमने १९६०च्या दशकातच वापरात आणली होती. १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने ती साध्या इंटेल सर्व्हरवर आणली आणि कंपन्यांच्या सर्व्हर-रूम रिकाम्या होऊ लागल्या. बॅकअपची सवय मात्र जुनीच राहिली. प्रत्येक मशीनमध्ये एक एजंट, आणि मध्यरात्री सगळे एकदम जागे होणार. वेगवेगळ्या वीस सर्व्हरवर ते चालून जाई. एकाच लोखंडी खोक्यातली वीस मशीन एकाच वेळी डिस्क वाचायला लागली की खोकं गुदमरे. २००९ मध्ये व्हीस्फिअर ४ बरोबर व्हीएमवेअरने बॅकअप सॉफ्टवेअरसाठी नवे दरवाजे उघडले. आता मशीनच्या आत न शिरता बाहेरूनच अख्खी डिस्क वाचता येऊ लागली. शिवाय कालपासून डिस्कचे कोणते ब्लॉक बदलले याचं टिपण हायपरव्हायझर, म्हणजे ही मशीन चालवणारा थर, स्वतःच ठेवू लागला. तेच सीबीटी, म्हणजे चेंज्ड ब्लॉक ट्रॅकिंग.

रात्री घडतं ते असं. मशीनचा स्नॅपशॉट घेतला जातो, त्यामुळे मूळ डिस्क गोठते आणि नवे बदल शेजारच्या फाइलमध्ये साठू लागतात. बॅकअप सॉफ्टवेअर गोठलेली डिस्क वाचतं. वाचून झाल्यावर शेजारची फाइल मूळ डिस्कमध्ये मिसळली जाते. खरी मेख या मिसळण्यात आहे. डेटाबेससारखं सतत लिहिणारं मशीन असेल आणि बॅकअप लांबला, तर ही फाइल फुगते आणि मिसळताना मशीन काही क्षण स्तब्ध होतं. कोणताही स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका, असं व्हीएमवेअर बजावते ते उगाच नाही. विंडोजमध्ये व्हीएसएस ही सेवा डेटाबेसला ‘क्षणभर थांब’ म्हणून सांगते. लिनक्सवर त्यासाठी स्क्रिप्ट लिहाव्या लागतात, आणि त्या लिहायच्या राहून जातात.

सीबीटीवर सगळ्यांचा विश्वास बसल्यावर २०१४ मध्ये एक विचित्र दोष उघड झाला. एखादी डिस्क वाढवताना तिने १२८ जीबीची सीमा ओलांडली, की बदललेल्या ब्लॉकची यादी चुकीची येऊ शकत होती. जॉब हिरवा, अहवाल चोख, आणि बॅकअप मात्र नासका. सीबीटी बंद करून पुन्हा चालू करायचं आणि नव्याने फुल बॅकअप घ्यायचा, हाच तात्पुरता उपाय होता. २०१५ मध्ये व्हीएमवेअरच्याच ईएसएक्सआय ६.० या हायपरव्हायझरमध्ये सीबीटीचा आणखी एक दोष निघाला. मूळ डिस्क कधीच पुन्हा न वाचता वर्षानुवर्षं फक्त बदल गोळा करत राहण्याची जोखीम किती, हे त्यानंतर चर्चेत आलं.

बदल गोळा केले, पण ते ठेवायचे कसे? पद्धतींमधलं भांडण इथे सुरू होतं. जमाखर्चातली रोजकीर्द आणि खतावणी डोळ्यांपुढे आणली तर ते समजायला सोपं जातं. फॉरवर्ड इन्क्रिमेंटल म्हणजे नुसती रोजकीर्द. रविवारी एक फुल, मग रोजच्या बदलांची रोज वेगळी फाइल. रात्रीचं काम झटपट होतं, कारण प्रत्येक ब्लॉकमागे एकदाच लिहावं लागतं. शनिवारचं मशीन हवं असेल तर मात्र रविवारच्या फुलपासून सगळ्या फायली जुळवाव्या लागतात, आणि मधली एक बिघडली की तिच्या पुढचं सगळं गेलं. रिव्हर्स इन्क्रिमेंटल दर रात्री खतावणी अद्ययावत करते. नवा ब्लॉक थेट फुलमध्ये बसतो, त्याने हटवलेला जुना ब्लॉक वेगळ्या फाइलमध्ये जातो. म्हणजे जुना वाचा, तो बाजूला लिहा, नवा फुलमध्ये लिहा. एका ब्लॉकमागे डिस्कला तीन फेऱ्या, त्याही विस्कळीत. बदल्यात सर्वांत ताजी प्रत कायम फुल आणि तयार. तिसरी, फॉरएव्हर फॉरवर्ड, या दोन्हींच्या मधली. एकच फुल, आणि मुदत संपली की सर्वांत जुनी इन्क्रिमेंटल फाइल त्यात मुरवायची. त्या मुरवण्याला दोन फेऱ्या.

वीम या कंपनीच्या सॉफ्टवेअरमुळे ही नावं सिसॅडमिनांच्या तोंडी रुळली. रिव्हर्सचे भक्त एके काळी पुष्कळ होते, आणि त्यांचा मुद्दा रास्त होता: संकटात लागते ती बहुतेक वेळा कालचीच प्रत. पण बॅकअपसाठी सहसा जुन्या, संथ सॅटा डिस्क दिल्या जातात, आणि तीन फेऱ्यांचं ओझं त्याच डिस्कवर पडतं. बॅकअप लांबतो, बॅकअप लांबला की स्नॅपशॉट जास्त वेळ उघडा राहतो आणि मूळ मशीन अडखळतं. विंडोज सर्व्हर २०१६ मधल्या आरईएफएस फाइल सिस्टिमने फॉरवर्डचा खर्च बराच कमी केला. आठवड्याचं नवं फुल जुन्या ब्लॉकपासून ‘बांधताना’ ते ब्लॉक हलवावे लागत नाहीत, नुसता निर्देश केला की भागतं. अर्थात असं बांधलेलं फुल म्हणजे दुसरी प्रत नव्हे. खालचा एक ब्लॉक नासला तर त्याच्यावर उभी असलेली सगळी फुलं एकदम नासतात.

हा वाद रंगात असताना निकष बदलला तो चोरांमुळे. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्समध्ये रॅन्समवेअरचा हल्ला झाला. पाच सर्व्हरवरचा सुमारे १.३ टीबी डेटा कुलूपबंद झाला आणि नोंदणीपासून तपासणी अहवालांपर्यंतची कामं सुमारे दोन आठवडे कागदावर चालली. ई-हॉस्पिटल या तिथल्या प्रणालीचा डेटा परत मिळाला, कारण एक बॅकअप सर्व्हर हल्ल्याच्या तावडीत सापडला नव्हता. पुढच्या फेब्रुवारीत ‘ईएसएक्सआयआर्ग्ज’ या रॅन्समवेअरने थेट हायपरव्हायझरवरच घाला घातला, तोही दोन वर्षांपूर्वी पॅच निघालेल्या छिद्रातून. अशा हल्लेखोराला प्रशासकाचा पासवर्ड मिळाला, की तो आधी बॅकअप पुसतो. म्हणून ठरावीक दिवस कोणालाही, अगदी प्रशासकालाही, बदलता न येणारी साठवण आली. तिथे रिव्हर्सला जागा नाही. दर रात्री फुल बदलणं हाच तिचा प्राण आहे. ज्या गुणासाठी तिची निवड होई, त्याच गुणामुळे ती बाद झाली. आज नवी व्यवस्था उभारणाऱ्याने फॉरवर्ड आणि ठरावीक काळाने फुल हाच मार्ग धरावा, आणि तीन-चार महिन्यांतून एकदा तरी फुल मूळ डिस्क वाचून घ्यावं.

पुण्याशी बॅकअपच्या धंद्याचा संबंध जुना आहे. बॅकअप सॉफ्टवेअर बनवणाऱ्या व्हेरिटासचं मोठं विकास केंद्र तिथे होतं, आणि २००८ मध्ये जसप्रीत सिंग, मिलिंद बोराटे आणि रमणी कोतंदरामन यांनी द्रुवा ही कंपनी तिथेच सुरू केली. द्रुवाची पद्धत म्हणजे पहिल्यांदा सगळं, नंतर कायम फक्त बदल, तेही आधी साठवलेले तुकडे वगळून थेट क्लाउडमध्ये. रात्रीच्या कामाला हे फार सोयीचं. परतीच्या दिवशी मात्र सगळी भिस्त इंटरनेटच्या तारेवर. १० टीबी डेटा १ जीबीपीएसच्या जोडणीवरून, एकही बिट वाया न जाता, उतरवायला सव्वाबावीस तास लागतात.

ब्रॉडकॉमने २०२३ च्या अखेरीस व्हीएमवेअर घेतल्यावर परवान्यांची रचना बदलली आणि अनेक जण प्रॉक्समॉक्स या पर्यायाकडे वळले. तिथे बदललेल्या ब्लॉकचं टिपण मशीनच्या चालू प्रक्रियेच्या मेमरीत राहतं. मशीन पूर्ण बंद करून पुन्हा चालू केलं की पुढचा बॅकअप अख्खी डिस्क वाचतो. पाठवतो बदललेले तुकडेच, पण वाचायचं सगळं. महिन्याच्या देखभालीनंतरची रात्र एकदम का लांबली, याचं उत्तर अनेकदा इतकं साधं असतं.

२६ सप्टेंबर २०२५ ला दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये लिथियम बॅटऱ्यांनी पेट घेतला. शेकडो सरकारी सेवा बंद पडल्या. त्यातली जी-ड्राइव्ह ही सरकारी कर्मचाऱ्यांची सामायिक साठवण पूर्ण जळाली: ८५८ टीबी, आणि बाहेर एकही प्रत नाही. आकार फार मोठा म्हणून बॅकअप नव्हता, असा खुलासा झाला. ही साठवण व्हर्च्युअल मशीनची नव्हे, फायलींची. पण खुलासा प्रत्येक सर्व्हर-रूममध्ये ऐकू येणारा आहे. १० जीबीपीएसच्या जोडणीवर ८५८ टीबीची पहिली प्रत कागदावर आठ दिवसांत होते. व्यवहारात महिना धरा. त्यानंतर रोज न्यायचे असतात ते फक्त बदल. आगीनंतर तिथल्या कार्मिक मंत्रालयाचे कर्मचारी आपापल्या संगणकांवरच्या फायली, जुने ईमेल आणि छापील कागद गोळा करून कामाच्या नोंदी नव्याने जुळवू लागले.