उष्णता खरेच वर जाते का?

उष्णता नेहमी वर जाते हा समज अर्धाच खरा आहे. वर जाते ती तापून हलकी झालेली हवा. उष्णता मात्र अधिक तापमानाकडून कमी तापमानाकडे, मग ती दिशा वरची असो वा खालची, वाहत असते, आणि पोटमाळ्यात, म्हणजे छप्पर व खोलीचे छत यांच्यामधल्या पोकळीत, उष्णतारोधक थर कोणता व कुठे घालावा हे या फरकावरच ठरते.

अमेरिकेच्या उत्तर भागात किंवा कॅनडात प्रश्न हिवाळ्याचा असतो. तेथे माळ्याच्या जमिनीवर काचतंतूंचा, म्हणजे ग्लासवूलचा, ४० सेंटिमीटर किंवा त्याहून जाड थर पसरतात. या थरात रोधन करते ती काच नव्हे, तर तंतूंमध्ये अडकलेली स्थिर हवा. म्हणूनच सामान ठेवून तो दाबला गेला की त्याचा गुण घटतो. वाहत्या हवेला तो अडवत नाही, ती त्यातून गाळणीतून जावी तशी निघून जाते. तेव्हा वायरी, नळ आणि दिव्यांसाठी छताला पाडलेली भोके आधी बुजवणे हे थराच्या जाडीइतकेच महत्त्वाचे ठरते. एरवी खोलीतली दमट ऊब माळ्यात शिरून थंड लाकडावर पाणी धरते, छपरावरचा बर्फ वितळवते, आणि ते पाणी वळचणीपाशी पुन्हा गोठून मागचे पाणी घरात तुंबवते.

विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात मात्र सारे उलटे होते. दुपारी ६५ अंश सेल्सियसपर्यंत तापलेल्या पत्र्याखालची हवा गरम असल्यामुळे वरच साचून राहते, त्यामुळे अभिसरणाने, म्हणजे हवेच्या फिरण्याने, खाली फारशी उष्णता येत नाही. ती येते प्रामुख्याने प्रारणाने, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपाने. गंजलेला किंवा रंगवलेला पत्रा ३५ अंशांच्या पृष्ठभागाकडे दर चौरस मीटरला सुमारे २०० वॅट इतकी उष्णता टाकतो. चकचकीत ॲल्युमिनियमची फॉइल हे प्रारण अत्यल्प करते, आणि म्हणून पत्र्याखाली हवेची फट ठेवून ती ताणून बसवली की केसाएवढ्या जाडीतही मोठे काम होते. तिची चकाकती बाजू खाली ठेवणे शहाणपणाचे, कारण वर केलेल्या बाजूवर धूळ बसते आणि धुळीचा थर पुन्हा पत्र्यासारखेच प्रारण करू लागतो.

सपाट सिमेंटच्या स्लॅबला असा माळाच नसतो. माळवदाच्या किंवा धाब्याच्या घरावरचा मातीचा जाड थर दुपारची उष्णता खोलीत पोहोचायला कित्येक तास लावत असे. सुमारे १५ सेंटिमीटरचा उघडा स्लॅब मात्र आतबाहेर एका अंशाचा फरक असताना दर चौरस मीटरला ३ वॅटहून अधिक उष्णता जाऊ देतो. निवासी इमारतींसाठी २०१८ साली आलेल्या इको-निवास संहितेने छतासाठी याची कमाल मर्यादा १.२ वॅट ठरवली आहे, आणि साध्या गणिताने पाहता ती गाठायला चांगल्या फोमचा जेमतेम २ सेंटिमीटरचा थर पुरतो. हा थर स्लॅबच्या वर, जलरोधकासह घातलेला बरा. खाली लावला तर खोली वाचते, पण स्लॅब उन्हात तापतच राहतो आणि रोजच्या प्रसरण-आकुंचनाने त्याला भेगा पडू शकतात.

एक अडचण मात्र उरते. दिवसा उष्णता अडवणारा थर रात्री आतली उष्णताही बाहेर सोडत नाही. कौलांच्या फटींतून वारा खेळणाऱ्या जुन्या घराला ही अडचण नव्हती. नव्या घराला पहाटेच्या गारव्यासाठी समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात.