शांघायची खोली

२०००नंतरच्या दशकात ‘मुंबईचं शांघाय करू’ ही घोषणा आपल्याकडे इतकी गाजली, की शांघाय म्हणजे उंच इमारती आणि उड्डाणपूल, एवढंच चित्र डोक्यात पक्कं बसलं. ६३२ मीटर उंचीचा शांघाय टॉवर त्या चित्राला साजेसाच आहे. पण हे शहर समजून घ्यायचं तर मान वर करण्याऐवजी पाण्यात डोकवावं. तिथल्या श्रीमंतीचा हिशेब बराचसा पाण्याच्या खोलीवर ठरतो.

बंदरासाठी जागा निवडायला सांगितली, तर कुणीही शांघायवर बोट ठेवणार नाही. मुंबईला निसर्गानेच आडोशाचं बंदर दिलं. शांघायच्या वाट्याला चिखल आला. सुमारे ६,३०० किलोमीटर वाहत आलेली यांगत्झे समुद्राला मिळताना मंदावते आणि सोबतचा गाळ तिथेच टाकते. चोंगमिंग हे हजार चौरस किलोमीटरहून मोठं बेट याच गाळाचं बनलेलं आहे. मूळ शहर वसलं ते मुखाजवळ यांगत्झेला मिळणाऱ्या हुआंगपू नदीच्या काठी.

तरीही शहर तिथेच वाढलं, कारण पाठीशी नदी होती. यांगत्झेच्या खोऱ्यात चीनची जवळपास एक तृतीयांश लोकसंख्या राहते. तिथलं रेशीम, चहा, कापूस होडीतून वाहत खाली यायचा. पहिल्या अफू युद्धानंतर, १८४२च्या नानजिंग तहाने हे बंदर ब्रिटिशांना खुलं झालं आणि त्यांच्या मागोमाग मुंबईचे व्यापारीही पोचले. माळव्याची अफू मुंबईतून चीनला जाई. कुलाब्याचा ससून डॉक ज्या घराण्याने बांधला, त्याच घराण्यातल्या व्हिक्टर ससूनने हुआंगपूकाठी ‘ससून हाऊस’ उभारलं. ते १९२९ साली पूर्ण झालं. आज तिथे पीस हॉटेल आहे. मासळीच्या वासातून ससून डॉकवर फिरताना या नात्याची आठवण फार कुणाला होत असेल, असं वाटत नाही.

दरम्यान कापडगिरण्या आल्या आणि जमीनच खचू लागली. गिरण्यांनी विहिरींतून भूजल उपसलं, तसा खालचा मऊ थर दबत गेला. १९२१ ते १९६५ या काळात शहराचे काही भाग दोन मीटरहून जास्त खाली गेले. त्यावरचा उपाय मोठा चतुर होता. उपशावर बंधनं आलीच, शिवाय हिवाळ्यात थंड पाणी त्याच विहिरींतून जमिनीत परत सोडलं जाऊ लागलं. उन्हाळ्यात तेच गार पाणी वर काढून गिरण्या थंड ठेवल्या जात. जमीन सावरली आणि गिरण्यांचीही सोय झाली.

जहाजं मात्र मोठी होत राहिली. यांगत्झेच्या मुखाशी जेमतेम सात मीटर खोलीची वाट होती. १९९८पासून तिथे प्रवाहाला दिशा देणारे लांबलचक बांध घातले, गाळ उपसला आणि २०१०पर्यंत साडेबारा मीटरची वाट तयार झाली. तेवढ्यानेही भागणार नव्हतं. आजच्या सर्वांत मोठ्या कंटेनर जहाजांना भरलेली असताना सोळा मीटरच्या आसपास पाणी लागतं. नदी त्याहून खोल होत नाही, तर ते काम चालू असतानाच बंदरच समुद्रात न्यायचं ठरलं. यांगशानची बेटं निवडली, डोंगर फोडले, भराव टाकला आणि किनाऱ्यापर्यंत साडेबत्तीस किलोमीटरचा दोंगहाई पूल बांधला. डिसेंबर २००५मध्ये हे बंदर सुरू झालं. गंमत म्हणजे ही बेटं शेजारच्या झेजियांग प्रांतातली. हद्द त्यांची, बंदर शांघायचं! वाढवणच्या बंदरावरून आपल्याकडे चाललेला वाद ज्यांनी ऐकलाय, त्यांना खोल पाण्यासाठीचा हा आटापिटा ओळखीचा वाटेल. वाढवणला किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा प्रश्न आहे, तो वेगळाच.

२०१०मध्ये शांघायने सिंगापूरला मागे टाकलं आणि कंटेनर हाताळणीत जगात पहिला क्रमांक मिळवला. २०२४मध्ये तिथे वीस फुटी कंटेनरच्या मापाने पाच कोटींहून अधिक कंटेनर हाताळले गेले. आपल्या न्हावाशेव्याचा त्या वर्षीचा आकडा सत्तर लाखांच्या थोडा वर होता. पण हा फरक नुसत्या क्रेनचा मानू नये. सुझोऊ, कुनशानचे कारखाने शांघायला लागूनच आहेत, आणि थेट वुहान-चोंगचिंगहून बार्ज भरभरून नदीतून येतात. आपल्याकडे मालाला घाट चढावा-उतरावा लागतो. तिकडे तो प्रवाहाबरोबर येतो. यांगशानच्या पुलाच्या अलीकडे लिनगांग आहे. तिथली बरीचशी जमीन भरावाची आहे आणि टेस्लाचा कारखानाही तिथेच. २०१९च्या अखेरीस त्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या.

या सगळ्यात गाळाचं गणितच फिरलं आहे. २००३मध्ये थ्री गॉर्जेस धरणात पाणी अडवायला सुरुवात झाली आणि मुखाशी पोचणारा गाळ, जो आधीच्या धरणांमुळे घटतच होता, आणखी घटला. त्यामुळे मुखापलीकडचा समुद्रतळ काही ठिकाणी झिजू लागला आहे. भरावाला आता माती हवी असते. जहाजांच्या वाटेतून उपसलेला गाळ हेंगशा बेटाजवळ जमीन वाढवायला वापरला गेला. तरी ती वाट काही मोकळी राहत नाही. भरतीचं पाणी आजूबाजूचा चिखल ढवळून पुन्हा तिथेच आणून टाकतं, आणि साडेबारा मीटरची खोली टिकवण्यासाठी दरवर्षी कोट्यवधी घनमीटर गाळ उपसावा लागतो.