एक कॉर्ड, दोन नावे

गतवर्षी स्नेहसंमेलनाच्या तालमीत एक प्रसंग घडला. एका समूहगीताला गिटार व पेटी यांची साथ होती आणि दोन्ही वादकांपुढे आम्ही उतरून दिलेला एकच कागद होता. दोन्ही वाद्ये सुरू होताच असा बेसूर उठला की सारा वर्ग हसू लागला. आम्ही पेटीवरच्या मुलीला बोल लावला. ती हळूच म्हणाली, "सर, कागदावर आहे तेच वाजवते आहे." तिचे खरे होते. दोष आमच्या कागदाचा होता.

विद्यार्थी मित्रहो, गिटारच्या दांडीवर पडदे असतात. लगतच्या दोन पडद्यांत एका अर्धस्वराचे अंतर असते व असे 12 अर्धस्वर मिळून एक सप्तक होते. कॅपो म्हणजे दांडीवर बसवावयाचा चिमटा. तो ज्या पडद्यावर बसवावा, तितक्या अर्धस्वरांनी सर्व तारा चढतात; बोटांची ठेवण मात्र तीच राहते. नवशिक्यास जी, सी व डी या कॉर्ड सोप्या; बी फ्लॅट, ई फ्लॅट व एफ अवघड. कॅपो तिसऱ्या पडद्यावर बसवला, की बोटे जी, सी व डीची ठेवूनही कानी येतात त्या बी फ्लॅट, ई फ्लॅट व एफ. स्केल-चेंजर पेटीवर पट्टी सरकवून पांढरी एकच्या बोटांनी काळी दोन साधतात, तोच हा न्याय.

म्हणजे कॅपो लावल्यावर प्रत्येक कॉर्डला दोन नावे येतात: एक कानाचे, दुसरे बोटांचे. आमच्या कागदावर केवळ बोटांची नावे होती आणि कॅपोचा उल्लेखही नव्हता. गिटार बी फ्लॅट बोलत असता पेटी इमानाने जी वाजवीत होती.

संगणकावर स्वरलेखनासाठी म्यूजस्कोर ही विनामूल्य प्रणाली मिळते. तीत प्रथम चाल ज्या पट्टीत ऐकू येते त्याच पट्टीत लिहावी. मग सूर निवडून कंट्रोल व के या कळा एकदम दाबाव्या आणि कॉर्डचे कानाचे नाव घालावे. बी फ्लॅटसाठी मोठ्या बीपुढे छोटा बी टंकावा. त्यानंतर फॉरमॅटमधील स्टाइल उघडून कॉर्ड सिम्बॉल्सच्या पानावर कॅपोच्या पडद्याचा रकाना शोधावा व त्यात 3 हा आकडा लिहावा. लगेच प्रत्येक नावापुढे कंसात बोटांचे नाव उमटते: बी फ्लॅट (जी), ई फ्लॅट (सी), एफ (डी). कागदाच्या माथ्यावर 'कॅपो, पडदा 3' एवढे शब्द मात्र आपण आठवणीने लिहावे.

शेवटी सारे वाजवून पाहावे. प्रणाली कंसाबाहेरचीच नावे वाजविते. तेथे चुकून बोटांची नावे पडली असतील, तर चाल व कॉर्ड यांचे भांडण तत्काळ ऐकू येते.

पुढच्या तालमीस आम्ही नवा कागद दिला. गिटारवाल्याने कंसातले वाचले, पेटीने कंसाबाहेरचे, आणि गाणे जुळले. त्याआधी सर्व वर्गासमक्ष आम्ही त्या मुलीची क्षमा मागितली. दुसऱ्याला बेसूर म्हणण्यापूर्वी आपण त्याच्या हाती काय लिहून दिले आहे, हे पाहावे, एवढे त्या दिवशी आम्ही शिकलो.